लाही, पाक आणि पाणी : प्रस्तावना

कॅरॅमल पॉपकॉर्न आपल्याकडे बहुतेकांना मल्टिप्लेक्समुळे माहीत झाला. मध्यंतरात हातात येणारा मोठा कागदी डबा, त्यातल्या तांबूस, चकचकीत, दाताखाली कुरकुरणाऱ्या लाह्या आणि खिशाला जाणवणारी किंमत, अशी त्याची ओळख. त्यामुळे हा घरी करायचा पदार्थच नाही, त्याला खास यंत्र लागत असणार, असा समज रुजला. तो समज दूर व्हावा म्हणून ही पुस्तिका लिहिली आहे. साधा मायक्रोवेव्ह, काचेचं एक मोठं खोलगट भांडं, पॉपकॉर्नचे दाणे, साखर, लोणी आणि चिमूटभर खायचा सोडा एवढं घरात असलं, की अर्ध्या तासात उत्तम कॅरॅमल पॉपकॉर्न तयार होतो.

मात्र नुसती कृती पाठ करून तो दर वेळी जमेलच असं नाही. कधी अर्धे दाणे फुटतच नाहीत. कधी पाक दाताला चिकटतो, कधी साखर पुन्हा रवाळ होऊन लाह्यांवर पांढुरकी बसते. कधी रात्री कुरकुरीत असलेला पदार्थ सकाळी डबा उघडावा तर मऊ पडलेला असतो. या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण बहुतेकींचं मूळ पाण्यात आहे. दाण्याच्या पोटात पाणी किती आहे, मायक्रोवेव्ह ते कसं तापवतो, पाकातून किती पाणी निघून गेलं आणि हवेतून किती परत आलं, हा हिशेब कळला की पदार्थ हातात येतो. पुढच्या पानांवरची प्रत्येक कृती याच हिशेबावर उभी आहे, म्हणून तो आधी नीट मांडते.

लाह्या आपल्याला नव्या नाहीत. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या आणि लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या-बत्तासे हा महाराष्ट्रातल्या घराघरांतला रिवाज आहे. ज्वारीच्या लाह्या घरी फोडणाऱ्या बायका आदल्या दिवशी ज्वारीवर कढत पाणी घालतात, ते निथळून दाणे कापडात बांधून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कडकडीत तापलेल्या लोखंडी कढईत मूठमूठ टाकून कापडाच्या बोळ्यानं फिरवतात. भडभुंज्याच्या भट्टीत धग देण्याचं काम तापलेली वाळू करते. दाणा फुटायचा तर त्याच्या आत ओलावा हवा आणि बाहेर एकदम मोठी धग हवी, हे ज्ञान या रीतीत पूर्वापार आहे. लाहीवर पाक चढवणंही आपल्याला माहीत आहे. राजगिऱ्याचे लाडू आणि चुरमुऱ्याचे लाडू याच कुळातले, आणि लोणावळ्याची चिक्की त्यांची जवळची नातलग. मराठी स्वयंपाकघराला कॅरॅमल पॉपकॉर्नसाठी लागणारी दोन्ही कौशल्यं अवगत आहेत. फक्त धान्य, चरबी आणि चूल बदलली आहे.

हे धान्य मूळचं अमेरिका खंडातलं. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर पारेदोनेस आणि वाका प्रिएता या ठिकाणी उत्खननात सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीची मक्याची कणसं मिळाली आणि तिथले लोक लाह्या फोडत असावेत असं अभ्यासकांनी २०१२ मध्ये मांडलं. या लाहीवर पाक चढवून तिचा मोठा धंदा मात्र शिकागोत उभा राहिला. १८७१ च्या भीषण आगीनंतर त्या शहरात आलेल्या फ्रेडरिक रूकहाइम या जर्मन माणसानं रस्त्यावर लाह्या विकायला सुरुवात केली. पुढे भाऊ लुई सोबतीला आला. लाह्या, शेंगदाणे आणि मोलॅसिस, म्हणजे आपल्या काकवीच्या जवळ जाणारा उसाचा काळसर पाक, यांचं मिश्रण ते करू लागले. १८९६ मध्ये त्याला ‘क्रॅकर जॅक’ हे नाव मिळालं. १९०८ मध्ये बेसबॉलच्या एका अतिशय लोकप्रिय गाण्यात ते नाव आलं आणि १९१२ पासून प्रत्येक खोक्यात लहान मुलांसाठी एक छोटी भेटवस्तू येऊ लागली. रूकहाइम बंधूंपुढची खरी अडचण आपल्यासारखीच होती : पाक चढवलेल्या लाह्या एकमेकींना चिकटून त्यांचा गठ्ठा व्हायचा. त्या सुट्या ठेवण्याची रीत आणि दमट हवा आत न जाऊ देणारं मेणकागदी वेष्टन ही त्यांच्या यशाची दोन मोठी कारणं. पाकातलं पाणी आणि हवेतलं पाणी, दोघांचा बंदोबस्त झाला तेव्हा कुठे तो माल दूरच्या गावांना पोचला.

आता दाण्याकडे वळू. मक्याचा कुठलाही दाणा फुटतो असं नाही. मधुमका फुटत नाही, जनावरांच्या खाद्याचा मकाही धड फुटत नाही. पॉपकॉर्नचा दाणा लहान, टणक, आणि त्याचं साल अगदी घट्ट असतं. आतल्या स्टार्चमध्ये वजनाच्या साधारण १४ टक्के पाणी असतं. दाणा तापला की या पाण्याची वाफ होऊ पाहते, पण साल तिला बाहेर पडू देत नाही. दाब वाढत वाढत वातावरणाच्या नऊ-दहा पट होतो, दरम्यान स्टार्च शिजून मऊ झालेला असतो. सुमारे १८० अंश सेल्सिअसला साल हार मानतं, वाफ एकदम फुगते आणि तिच्याबरोबर फुगलेला स्टार्च क्षणात थंड होऊन घट्ट बसतो. फ्रान्समधल्या एमान्युएल विरो आणि अलेक्झांद्र पोनोमारेन्को या संशोधकांनी २०१५ मध्ये हे बारकाईनं तपासलं. १७० अंशांना जेमतेम एक तृतीयांश दाणे फुटले आणि १८० अंशांना जवळजवळ सगळे. फुटताना येणारा आवाज साल फाटल्याचा नसून वाफ मोकळी झाल्याचा असतो, हेही त्यांनी दाखवलं.

यातून घरच्या कामाची गोष्ट निघते. दाण्यातलं पाणी कमी झालं की तो फुटत नाही, म्हणून उघड्या पिशवीत महिनोन्महिने पडलेले दाणे भांड्याच्या तळाशी गणंग होऊन राहतात. दाणे हवाबंद बरणीत ठेवावेत. सुकलेले असतील तर अर्ध्या किलोला एक मोठा चमचा पाणी घालावं, बरणी बंद करून अधूनमधून हलवावी आणि तीन-चार दिवसांनी वापरावे. ज्वारीला कढत पाणी घालून बांधून ठेवण्यामागचं तत्त्व इथेही तसंच लागू पडतं. दुसरी गोष्ट आकाराची. काही लाह्या पंख पसरल्यासारख्या फुटतात, काही गोल अळंबीसारख्या. पाक चढवायला गोल लाही उत्तम, कारण ढवळताना ती मोडत नाही. मोठे कारखाने त्यासाठी खास वाण वापरतात. घरी आपल्याला मिळतात ते दाणे बहुधा पंखवाल्या लाह्यांचे, म्हणून ढवळताना हात हलका ठेवावा लागतो.

मायक्रोवेव्ह आणि पॉपकॉर्न यांचं नातं मायक्रोवेव्हच्या जन्मापासूनचं आहे. पर्सी स्पेन्सर हे अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन नळ्यांवर काम करत. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना खिशातली गोळी वितळल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि मग त्यांनी मुद्दाम मक्याचे दाणे जवळ धरून फोडून पाहिले, असं सांगितलं जातं. १९४५ मध्ये त्यांनी या तापवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५० मध्ये ते मिळालं. त्याच्या आधीच, १९४९ मध्ये, त्यांना आणखी एक पेटंट मिळालं होतं, पिशवीत घातलेला पॉपकॉर्नचा मका मायक्रोवेव्हमध्ये फोडण्याचं. १९४७ च्या सुमाराचा पहिला ‘रडारेंज’ माणसाच्या उंचीचा आणि तीनशे किलोंहून जड होता. ओट्यावर मावेल असा घरगुती मायक्रोवेव्ह अमाना कंपनीनं १९६७ मध्ये बाजारात आणला.

हे यंत्र पदार्थातल्या पाण्याला प्राधान्यानं तापवतं. त्याच्या लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा कंप पावतात आणि त्यांच्याबरोबर फिरू पाहणारे पाण्याचे रेणू ऊर्जा शोषून घेतात. चरबी आणि साखरही तापतात, पण पाणी अधिक. दाण्याच्या पोटातच पाणी असल्यामुळे तो आतून तापतो. या लहरींची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते आणि त्या आतल्या भिंतींवर आपटून परत येत असल्यामुळे काही जागा अधिक गरम, काही कमी राहतात. फिरती थाळी आणि मधूनमधून ढवळणं या दोन्ही गोष्टी त्यासाठीच असतात. विकतच्या पॉपकॉर्नच्या पिशवीत तळाशी धातूचा अतिसूक्ष्म थर असलेली पट्टी असते. ती स्वतः तापून दाण्यांना खालून धग देते. आपल्या काचेच्या भांड्यात ती नसते, म्हणून एका वेळी थोडे दाणे घ्यावेत. पाव कप, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम दाणे, एक छोटा चमचा तेल, आणि वाफेला वाट राहील असं झाकण. ८०० वॅटच्या यंत्रात तीन ते चार मिनिटं लागतात. दोन आवाजांमध्ये दोन सेकंदांचं अंतर पडू लागलं की थांबावं. उरलेले फोडायच्या नादात फुटलेल्या लाह्या करपतात. लाह्या परातीत काढून सगळे गणंग वेचून टाकावेत, कारण पाकात लपलेला एक दाणाही दात दुखवू शकतो.

पाकाचा हिशेब आपल्या आज्यांनी कधीच पक्का केला आहे. साखर पाण्यात विरघळवून उकळत ठेवली की पाणी उडत जातं, तशी पाकाची उष्णता चढत जाते. रव्याच्या लाडवांना एकतारी पाक पुरतो. तिळाच्या लाडवांचा पाक पाण्यात टाकला की त्याची गोळी वळते. चिक्कीच्या पाकाचा थेंब पाण्यात पडताच कडक होतो आणि कटकन मोडतो. थर्मामीटरच्या भाषेत गोळीबंद पाक साधारण ११५ अंशांच्या आसपास येतो आणि कटकन मोडणारा १५० अंशांच्या आसपास, तेव्हा त्यात जेमतेम एखादा टक्का पाणी उरलेलं असतं. थर्मामीटर नसला तरी वाटीभर गार पाण्याची ही परीक्षा पूर्ण भरवशाची आहे आणि मी पुस्तिकेत सगळीकडे तीच सांगितली आहे.

५० ग्रॅम दाण्यांच्या लाह्यांना माझं प्रमाण असं : १०० ग्रॅम ब्राउन शुगर, ५० ग्रॅम बटर, दोन मोठे चमचे लिक्विड ग्लुकोज किंवा मध, दोन चिमूट मीठ आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा. यातल्या प्रत्येक जिन्नसाला काम आहे. ग्लुकोज किंवा मध साखरेचे कण पुन्हा जुळू देत नाहीत, त्यामुळे पाक रवाळ होत नाही. काही नसलं तर लिंबाच्या रसाचे थेंबही हे काम करतात, कारण आंबटपणामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो. बटरमध्ये दुधाची प्रथिनं असतात. ती साखरेबरोबर तापली की तांबूस रंग आणि खमंग वास येतो. लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये वर्णन केलेली ही क्रिया आहे. कॅरॅमलच्या ज्या चवीवर आपण भाळतो ती नुसत्या जळत्या साखरेची नसते, तिच्यात दुधाचा मोठा वाटा असतो. साजूक तुपानं लाही छान सुटी होते, पण प्रथिनं गाळली गेल्यामुळे ही चव कमी उतरते. घरचं लोणी चालतं, मात्र त्यात ताक राहिलेलं असतं, म्हणून ते पाणी उडेपर्यंत थोडा अधिक वेळ द्यावा लागतो.

सोडा सगळ्यात शेवटी, पाक बाहेर काढल्यावर. तो घालताच पाक फसफसून दुप्पट-तिप्पट वर येतो, म्हणून भांडं खोलगट हवं. त्या बुडबुड्यांमुळे कडक पाक जाळीदार होतो आणि दातांना सहज तुटतो. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते, तेव्हा चमचा सपाट भरावा.

आणि आता या कृतीचं मर्म. मायक्रोवेव्हमध्ये चार-पाच मिनिटं उकळलेला बटरचा पाक बहुधा चिक्कीच्या पाकापर्यंत पोचलेला नसतो. तो तसाच ओतून थांबलं तर लाही चिवट होते. त्याला आणखी उकळत राहिलं तर कडेचा पाक करपतो. उपाय असा की पाक लाह्यांवर ओतून, हलकेच खालीवर करून, भांडं पुन्हा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं : एक मिनिट, ढवळणं, आणखी एक मिनिट, ढवळणं, शेवटी अर्धं मिनिट. आता पाक पातळ थरात पसरलेला असतो, त्यामुळे उरलेलं पाणी झपाट्यानं उडतं. दुसऱ्यांदा ठेवण्याचा हेतू शिजवणं नाही, वाळवणं आहे. एक लाही गार करून चावून बघावी. कुरकुरली तर झालं, नाहीतर आणखी अर्धं मिनिट. मग तेलाचा हात लावलेल्या ताटात पसरून, कोमट असतानाच सुट्या कराव्यात. बहुतेक ठिकाणी छापलेल्या कृती ही पायरी घाईनं उरकतात. माझ्या मते संपूर्ण यश तिच्यावर आहे.

गुळाचा कॅरॅमल पॉपकॉर्न हा या पुस्तिकेतला माझा सर्वांत आवडता प्रकार. कोल्हापूरच्या साध्या गुळाला चव अप्रतिम, पण गुळात मुळातच ओलावा आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजचा अंश असतो. फ्रुक्टोज हवेतलं पाणी फार लवकर ओढतं. म्हणून किराणा दुकानात वेगळा मिळणारा चिक्कीचा गूळ घ्यावा आणि शक्यतो हिवाळ्यात करावा. संक्रांतीला तिळाबरोबर तो फार शोभतो. जुलैच्या मुंबईत किंवा रत्नागिरीत साखरेचाच पॉपकॉर्न बरा, आणि तोही पूर्ण गार होताच हवाबंद डब्यात. दमट हवेत तासभर उघडा राहिलेला पाक बाहेरून चिकट होऊ लागतो. गरम असताना डबा बंद केला तर आतलीच वाफ घात करते.

सरकारदरबारीही पाकानं पॉपकॉर्नचा वर्ग बदललेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, तेव्हा मीठ-मसाल्याच्या सुट्या पॉपकॉर्नवर ५ टक्के, त्याच्याच पाकीटबंद मालावर १२ टक्के आणि कॅरॅमल पॉपकॉर्नवर १८ टक्के कर असं स्पष्ट करण्यात आलं, कारण साखर चढली की तो मिठाईच्या गटात जातो. दराची रचना पुढे बदलली, पण ‘हा गोड पदार्थ आहे’ हे तेव्हा म्हटलेलं योग्यच होतं. घरी करण्याचा मोठा फायदा असा की साखर किती आणि लोणी किती, हे आपल्या डोळ्यांसमोर असतं. विकतच्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नबद्दल दोन काळज्या जगभर व्यक्त झाल्या. लोण्याच्या कृत्रिम वासासाठी वापरलेल्या डायॲसिटिलच्या वाफेमुळे अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात एका कारखान्यातल्या कामगारांना फुप्फुसांचा गंभीर आजार झाल्याचं २००० साली उघड झालं. आणि पिशवीला तेल पाझरू नये म्हणून लावल्या जाणाऱ्या पीफास रसायनांचा तिथल्या खाद्यवेष्टनांतला वापर थांबल्याचं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२४ मध्ये जाहीर केलं. काचेच्या भांड्यात खरं लोणी घालून केलेल्या पॉपकॉर्नला हे दोन्ही प्रश्न पडत नाहीत.

सुरक्षिततेचे नियम मात्र इथेच ठामपणे सांगते. उकळता पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक गरम असतो आणि त्वचेला चिकटून बसतो. भांडं कोरड्या जाड कापडानं धरावं आणि मुलांना पाक ओतू देऊ नये. अनेक परदेशी कृतींमध्ये साधी तपकिरी कागदी पिशवी वापरतात. ती वापरू नये, पुनर्वापराच्या कागदात धातूचे कण असू शकतात आणि तो पेट घेऊ शकतो. स्टीलचं भांडं आणि प्लॅस्टिकचा डबा पाकासाठी वर्ज्य. यंत्र चालू असताना तिथून हलू नये. चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊ नये, लाही श्वासनलिकेत अडकण्याचा धोका खरा आहे.

पुढची मांडणी याच क्रमानं आहे. पहिल्या भागात दाणे पारखणं, साठवणं आणि फोडणं. दुसऱ्या भागात पाक, त्याच्या पायऱ्या आणि बिघडल्यास दुरुस्ती. तिसऱ्या भागात मूळ कृती आणि तिचे प्रकार : शेंगदाणे घालून, तीळ-गुळाचा, वेलची-जायफळाचा, खारट-गोड. वसतिगृहात गॅसविना राहणारे विद्यार्थी, परदेशात सणाला काहीतरी गोड करू पाहणारी मराठी घरं आणि मुलांना घरात विज्ञान दाखवू इच्छिणारे शिक्षक-पालक, हे वाचक डोळ्यांसमोर ठेवून मी लिहिलं आहे.

वाचकांना एकच विनंती. पहिल्या खेपेला लिहिलेलं प्रमाण आणि सांगितलेली भांडी जशीच्या तशी वापरा, पण मिनिटं आपल्या यंत्राला विचारून ठरवा. प्रत्येक मायक्रोवेव्हची ताकद वेगळी, प्रत्येक गावची हवा वेगळी. किती वेळात दाणे फुटले, किती वेळात थेंब कटकन मोडला, हे पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं लिहून ठेवा. दोन-तीन खेपांनंतर तुम्हाला माझ्या आकड्यांची गरज उरणार नाही, आणि ही पुस्तिका तेवढ्यासाठीच आहे.